‘गर्दी’ वाचताना तो का अडतो?

सांगली जिल्ह्यातील एका आईचे पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

“माझा मुलगा मराठी शाळेत चौथीत शिकतो. मुळाक्षरे, बाराखडी सगळे येते. एकेक अक्षर विचारले तर बरोबर सांगतो. पण धडा वाचायला बसला की ‘ब… द… ली’ असे तोडून वाचतो, ‘गर्दी’ला ‘गदीर’ म्हणतो, ‘आर्थिक’पाशी तर थांबूनच राहतो. मी वाचून दाखवले की मात्र त्याला सगळे समजते, आणि दोनदा वाचून दाखवले तर धडाच पाठ होतो. सासूबाई म्हणतात, पाठच करून घे. ह्यांचे म्हणणे, मराठी लिहिल्यासारखीच वाचायची असते, मग अक्षरे येऊनही वाचता येत नाही म्हणजे आळस. शिकवणीच्या बाई म्हणतात, ओठ हलवू देऊ नका, मनात वाचायला लावा. मी शेजारी बसते, अडला की लगेच शब्द सांगते, आणि अर्ध्या तासात आम्ही दोघेही रडकुंडीला येतो. त्याच्या डोक्यात नेमके काय होत असेल? मी काय करू?”

सप्रेम नमस्कार.

पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: वाचून दाखवले की त्याला सगळे समजते. म्हणजे त्याची भाषा, त्याची स्मरणशक्ती आणि गोष्टीचा धागा धरून ठेवण्याची त्याची ताकद उत्तम आहे. अडचण आहे ती छापील अक्षरांपासून बोललेल्या शब्दापर्यंत जाणाऱ्या वाटेवर, आणि ही वाट आपल्या पायाखालची झालेली असल्यामुळे तिथे काही कष्ट पडत असतील हे आपल्याला खरेच वाटत नाही. दुकानाच्या पाटीवर ‘औषधे’ हा शब्द दिसला तर तो वाचायचा नाही असे ठरवूनही आपण वाचून मोकळे होतो. मुलाला मात्र अजून ती प्रत्येक पायरी जाणीवपूर्वक चढावी लागते. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्या पायऱ्या किती आहेत हे पाहणे मला आवश्यक वाटते.

तुमच्या यजमानांचे म्हणणे अर्धे खरे आहे. इंग्रजीच्या मानाने मराठीचे लेखन उच्चाराच्या पुष्कळ जवळ आहे. परंतु ते उच्चाराचा कच्चा आराखडा देते, पूर्ण उच्चार देत नाही. ‘बदली’ या शब्दात ‘द’ पूर्ण लिहिलेला आहे, तरी आपण बोलताना ‘बद्ली’ म्हणतो. ‘समज’ म्हणताना ‘म’मधला ‘अ’ ऐकू येतो, ‘समजूत’ म्हणताना तो गळतो, आणि या गळण्याची कोणतीही खूण कागदावर नसते. ‘या जगात कसे जगायचे’ हे वाक्य सावकाश म्हणून पाहा: ‘जगात’मधला ‘ज’ तालव्य, म्हणजे ‘जीव’मधल्यासारखा आहे, ‘जगायचे’मधला दंततालव्य, म्हणजे ‘जा’मधल्यासारखा आहे, आणि छापलेले अक्षर दोन्हीकडे एकच आहे. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ यांतल्या ‘च’चेही तसेच. अनुस्वाराचा तो एक ठिपका ‘गंगा’त एक, ‘अंत’मध्ये दुसरा आणि ‘अंबर’मध्ये तिसरा अनुनासिक वर्ण होतो, ‘सिंह’मध्ये ‘सिंव्ह’ असा काहीतरी उच्चार मागतो, आणि ‘सगळं’ या शब्दाच्या शेवटी तर नाकाशी संबंध न ठेवता केवळ लांबवलेला ‘अ’ दाखवतो. हे सगळे आपल्याला कोणी नियम म्हणून शिकवलेले नाही. अक्षरांवरून तयार झालेला ओबडधोबड उच्चार आपल्या कानाने ऐकलेल्या, तोंडात बसलेल्या शब्दाशी ताडून आपण तो घासूनपुसून घेतो. तुमचा मुलगा ‘ब… द… ली’ म्हणतो तेव्हा त्याने अक्षरे अचूक वाचलेली असतात. त्या तीन तुकड्यांतून बाबांच्या ऑफिसात होते ती बदली ओळखणे, ही पुढची पायरी बाकी असते.

अडचणीचा दुसरा भाग नुसत्या पाहण्याचा आहे. ‘आर्थिक’ हा शब्द कागदावर मोठा लिहा आणि डावीकडून उजवीकडे बोट फिरवत जा. ‘आ’नंतर बोटाला आधी पहिली वेलांटी लागते, मग ‘थ’, मग त्याच्या डोक्यावरचा रफार, आणि शेवटी ‘क’. उच्चारताना मात्र आधी रफाराचा ‘र्’, मग ‘थ’, आणि वेलांटीची ‘इ’ सर्वांत शेवटी. डोळ्याला जे आधी भेटते ते तोंडाने नंतर म्हणायचे आणि जे नंतर भेटते ते आधी म्हणायचे, असा उलटा हिशेब त्या एका अक्षरात दोनदा करावा लागतो. ‘गर्दी’मध्ये तो एकदाच करावा लागतो, आणि तुमच्या मुलाने तो केला नाही, त्याने डोळ्यांना दिसले त्या क्रमाने प्रामाणिकपणे ‘गदीर’ वाचले. चूक आहे, पण ती शहाण्या मुलाची चूक आहे, कारण तो अंदाज बांधत नाही, अक्षरांकडे बघतो आहे हे तिच्यावरून कळते.

त्यातही ‘र’ हे आपल्या लिपीतले सर्वांत बहुरूपी अक्षर आहे. ‘क्रम’मध्ये तो तिरपी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये ‘ट’च्या पायाशी छपरासारखा बसतो, ‘दर्या’मध्ये डोक्यावर चढतो आणि ‘दऱ्या’मध्ये आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत गुरुजी येणार की स्वयंपाकी येणार, हे त्या एवढ्याशा वळणावर ठरते. काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे धरली तर मुलाला ओळखाव्या लागणाऱ्या आकृत्या काही शेकड्यांत जातात. आपल्या लिपीसारखीच रचना असलेल्या कन्नडचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी २००७ साली दाखवून दिले की हे अक्षरज्ञान पहिली-दुसरीत पुरे होत नाही, ते पुढच्या इयत्तांतही चालूच राहते. मुळाक्षरे आली म्हणजे अक्षरओळख संपली, हा आपल्याकडचा समज त्यामुळे तपासून घेतला पाहिजे.

आता तुमच्या प्रश्नाकडे, त्याच्या डोक्यात काय होत असेल. छापलेल्या शब्दाचा उच्चार मनात दोन वाटांनी तयार होतो, असे मानसशास्त्रात बरेच मान्य झालेले चित्र आहे. एक वाट जोडणीची: अक्षर ओळखायचे, त्याचा ध्वनी आठवायचा, ध्वनी ओळीने मांडायचे, जोडायचे आणि उच्चारायचे. दुसरी वाट ओळखीची: वारंवार पाहिलेला शब्द अखंड ओळखला जातो आणि त्याचा उच्चार आणि अर्थ मनाच्या साठ्यातून एकदम वर येतो. जॉन मार्शल आणि फ्रीडा न्यूकम यांनी १९७३ मध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या वाचनातील चुकांचे वर्गीकरण केले, तेव्हा या वाटा वेगवेगळ्या बिघडू शकतात हे ठळकपणे पुढे आले. काहींची ओळखीची वाट बंद पडलेली असते आणि ते इंग्रजीतले वेडेवाकडे स्पेलिंगही अक्षरशः वाचतात. काहींची जोडणीची वाट बंद असते, आणि ते नेहमीचे शब्द सहज वाचतात, पण कधीच न पाहिलेला शब्द त्यांना वाचता येत नाही. मॅक्स कोल्टहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या दोन वाटांची संगणकावर चालणारी प्रतिकृतीच मांडली. दोन वाटा कशाला, अनुभवातून घडत जाणारे एकच जाळे पुरे, असे मानणारे संशोधकही आहेत आणि तो वाद अजून मिटलेला नाही; परंतु तुमच्यापुढचा प्रश्न सुटायला त्या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही.

ओळखीची ही जागा मेंदूत कोठे असते, याचा पहिला धागा पॅरिसमध्ये सापडला. १८९२ मध्ये ज्यूल देजरीन या डॉक्टरांनी एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला बोलता येत होते, लिहिताही येत होते, पण एके दिवशी अचानक वाचता येईनासे झाले होते. स्वतः लिहिलेली ओळही त्याला वाचता येत नव्हती. मेंदूच्या डाव्या अर्धगोलात, मागच्या आणि खालच्या बाजूला लिखित शब्दांना प्रतिसाद देणारा जो भाग आहे, त्याचा पुढे लॉरां कोहेन आणि स्तानिस्लास देहान यांनी तपशीलवार अभ्यास केला. हा भाग वाचनासाठी जन्मतः राखून ठेवलेला नसतो, कारण लेखनकला अवघी पाचेक हजार वर्षांची आहे आणि इतक्या थोड्या काळात मेंदूची रचना तिच्यासाठी बदलणे शक्य नाही. मूळ इतर गोष्टी पाहण्या-ओळखण्यासाठी असलेली जागा प्रत्येक मुलाच्या बाबतीत वाचनाच्या सरावाने अक्षरांसाठी नव्याने घडवली जाते. तुमच्या मुलाच्या डोक्यात सध्या हे बांधकाम चालू आहे.

आणि हे बांधकाम कशाने पुढे जाते, यावरच मी तुम्हाला काय सांगणार ते अवलंबून आहे. डेव्हिड शेअर या हैफा विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेला विचार मला स्वतःला मुलांबरोबर काम करताना पुन्हा पुन्हा पटत आला आहे: मूल एखादा अनोळखी शब्द स्वतः अक्षरे जोडून, धडपडत, पण अचूक उच्चारापर्यंत पोचवते, तेव्हा त्या शब्दाचे रूप त्याच्या मनात उमटते, आणि असे थोड्याच वेळा घडले की तो शब्द ओळखीच्या वाटेवर येतो. जोडणीची वाट अशी ओळखीच्या वाटेला रोज थोडे थोडे भरण घालत असते. म्हणून तो अडखळत असतो ती मिनिटे वाया जात नाहीत; खरे शिकणे त्याच मिनिटांत होत असते. तुम्ही मायेने आणि घाईने शब्द सांगून टाकता, तेव्हा शब्द त्याच्या कानावर पडतो, पण त्याच्या डोळ्यांनी ती अक्षरे पुरी पाहिलेली नसतात. उद्या तोच शब्द पुन्हा नवा.

तेव्हा पहिला बदल तुमच्या बसण्यात करा. तो अडला की मनात सावकाश पाच अंक मोजा आणि गप्प राहा. पाचानंतरही अडला असेल तर पूर्ण शब्द सांगू नका, वाट थोडी मोकळी करून द्या. जाड कागदाची एक पट्टी जवळ ठेवा आणि तिने शब्दाचा पुढचा भाग झाका. ‘गर्दी’ असेल तर आधी ‘ग’ उघडा, मग रफाराकडे बोट दाखवून विचारा, “हा वर बसलेला र् कोणाच्या आधी म्हणायचा?” त्याने ‘गर्… दी’ म्हटले की ते दोन तुकडे त्यालाच जोडू द्या, आणि जोडलेला शब्द वाक्यात घालून पुन्हा म्हणायला लावा: “बसमध्ये फार गर्दी होती.” शेवटची ही पायरी गाळू नका. सुटा उच्चार आणि कानाला ठाऊक असलेला शब्द यांची गाठ तिथे पडते, आणि त्याचे कान तर तयारच आहेत.

अर्धा तास फार होतो. रोज पंधरा मिनिटे पुरेत, तीही तो दमलेला किंवा भुकेला नसताना. त्यातली पाच मिनिटे एका वेळी एकाच अडचणीला द्या; या महिन्यात फक्त रफार घ्या. सूर्य, मार्ग, वर्ग, खर्च, गर्दी, दर्शन असे त्याच्या बोलण्यात असलेले शब्द घ्या आणि रफार लाल पेन्सिलीने काढा. ते हाताखालचे झाले की पहिल्या वेलांटीची जोड द्या: आर्थिक, धार्मिक, मार्मिक. उरलेली दहा मिनिटे एखाद्या सोप्या गोष्टीचा सात-आठ ओळींचा उतारा घ्या आणि तोच तीन-चार वेळा मोठ्याने वाचू द्या. एकच उतारा पुनःपुन्हा वाचून ओघ वाढवण्याची ही पद्धत एस. जे सॅम्युअल्स या संशोधकांनी १९७९ मध्ये मांडली आणि ती आजही उपयोगी पडते. शेवटच्या वाचनाला त्याला स्वतःलाच फरक ऐकू येतो, आणि रडकुंडीला आलेल्या मुलाला या आनंदाची फार गरज असते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि पाठांतराबद्दल एवढे सांगा की कविता, श्लोक, पाढे यांसाठी त्यांचे म्हणणे योग्यच आहे, पण धडा पाठ करून म्हणणे म्हणजे वाचन होत नाही. तो पाठ म्हणतो तेव्हा त्याची नजर कोठे असते ते एकदा पाहा; बहुधा ती पानावर पुढे सरकतच नसेल. खात्री करून घ्यायची असेल तर निरर्थक शब्द लिहून त्याला वाचायला द्या: ‘टमुली’, ‘गर्पिण’, ‘शेंदोका’. हे शब्द कोणाच्याच पाठ नसतात, त्यामुळे जोडणीची वाट कोठे मोकळी आहे आणि कोठे अडते हे त्यांतून स्वच्छ दिसते. त्याला ही परीक्षा वाटू देऊ नका. असे चमत्कारिक शब्द बनवायला त्यालाही सांगा आणि तुम्ही वाचा.

शिकवणीच्या बाईंचा सल्ला मात्र मी सध्या मानू नये असे म्हणेन. मनात वाचताना उच्चार गळून पडतो असे नसते. प्रौढ माणूस मूकपणे वाचतो तेव्हाही मनात एक आवाज चालू असतो, आणि मजकूर अवघड असेल तर घशाच्या आणि ओठांच्या स्नायूंची बारीक हालचाल वाढते. नवशिक्याचे ओठ हलतात, कारण ती त्याला लागणारी काठी आहे. पाय घट्ट झाले की काठी आपोआप बाजूला ठेवली जाईल. शिवाय त्याने मोठ्याने वाचले तरच तो कोठे चुकतो हे तुम्हाला कळणार आहे.

सराईत वाचकाच्या बाबतीत काय घडते ते घरी करून पाहण्यासारखे आहे. तुम्ही वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असताना मुलाला अचानक पानावर वही ठेवायला सांगा. पान झाकले गेल्यावरही तुमच्या तोंडून पुढचे एक-दोन शब्द बिनचूक बाहेर पडतील, कारण तुमचे डोळे आवाजाच्या पुढे चालत असतात. शिकागोमध्ये गाय बसवेल यांनी १९२० साली डोळे आणि आवाज यांच्यातले हे अंतर मोजले होते, आणि चांगल्या वाचकांत ते जास्त असल्याचे त्यांना आढळले. तुमच्या मुलाचे डोळे आणि आवाज आज एकाच अक्षरावर उभे आहेत. त्याला वाक्याचा सूर सापडत नाही, प्रश्न कोठे संपतो ते कळत नाही, याचे कारण हेच. “जरा भावना ओतून वाच” असे त्याला आत्ता सांगण्यात अर्थ नाही.

तुम्ही त्याला वाचून दाखवता ते मात्र थांबवू नका, उलट वाढवा. फक्त ती वेळ सरावाच्या पंधरा मिनिटांपासून वेगळी ठेवा. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये साध्या शब्दांत मांडले होते की वाचून समजणे म्हणजे अक्षरांतून शब्द काढता येणे गुणिले भाषा समजणे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर गुणाकार शून्य. त्याची भाषेची बाजू आज भक्कम आहे. वाचन मागे आहे म्हणून त्याच्या कानांवर दुसरीच्या गोष्टी पडत राहिल्या, तर ती बाजूही कमजोर होईल. रात्री त्याला त्याच्या वयाच्या, किंबहुना थोड्या वरच्या गोष्टी वाचून दाखवा. त्याला तेव्हा एकही शब्द वाचायला लावू नका.

इंग्रजीबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण महाराष्ट्रात २००० पासून ते पहिलीपासूनच शिकवले जाते, त्यामुळे तो तिथेही झगडत असणार. फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युरोपीय भाषांच्या तुलनेत पहिल्या वर्षाच्या शेवटी बहुतेक भाषांतील मुले ओळखीचे शब्द ९० टक्क्यांहून अधिक अचूक वाचत होती, तर इंग्रजी शिकणारी मुले सुमारे ३४ टक्केच. ती मुले कमी हुशार नव्हती. स्पेलिंगच तसे आहे. मराठीची जोडणी घट्ट होईपर्यंत इंग्रजीत त्याच्याकडून फार अपेक्षा धरू नका.

आता जी गोष्ट लांबणीवर टाकू नये असे मला वाटते ती सांगते. डोळे आणि कान यांची तपासणी लगेच करून घ्या. वर लिहिलेला सराव तीन महिने नियमित करा आणि पहिल्या दिवशी त्याने वाचलेला उतारा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. तीन महिन्यांनी तोच उतारा पुन्हा वाचून घ्या. फरक स्पष्ट ऐकू आला तर पुढे चालू ठेवा. फरक जवळजवळ नसेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरते यासारख्या नुसत्या तोंडी खेळातही तो अडखळत असेल, किंवा घरात आणखी कोणाला लहानपणी असाच त्रास झालेला असेल, तर त्या तपासणीसाठी तीन महिनेही थांबू नका. ती विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते, तिच्या वाचनातल्या प्रकाराला आपण सामान्यतः डिस्लेक्सिया म्हणतो. तिचा बुद्धीशी संबंध नाही, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात तिचा समावेश आहे, आणि तिच्यासाठी परीक्षेत सवलतीही मिळतात. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केली आहे. मुलाची तपासणी त्याच्या शाळेच्या भाषेत, म्हणजे मराठीत व्हावी असा आग्रह धरा. केवळ इंग्रजीतून तपासून काढलेला निष्कर्ष तुमच्या मुलाबाबत पुरेसा ठरणार नाही. जाताना त्याच्या शाळेच्या वह्या, ध्वनिमुद्रण आणि तो ज्या शब्दांपाशी अडला त्यांची यादी बरोबर न्या. ‘गर्दी’ तिच्यात सर्वांत वर लिहा, आणि तो शब्द त्याने कसा वाचला तेही जसेच्या तसे लिहा.